दिवा, भोंगा आणि निद्रा

उद्योगी पुरुषाने निद्रेस शत्रू मानावे, ही समजूत जुनीच आहे. परंतु तिला खरे बळ लाभले ते विजेच्या दिव्यामुळे. १८७९ साली व्यवहारोपयोगी विद्युद्दीप सिद्ध करणारा एडिसन स्वतः निद्रेस कालाचा अपव्यय समजत असे.

त्यापूर्वी गिरणीचा दिवस बहुतांशी सूर्यच ठरवीत असे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या सुमारे ५,५०० गिरणीकामगारांच्या वतीने केलेल्या अर्जात, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे व आठवड्यास एक दिवस सुटी मिळावी, अशा मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्ये पदरात पडली. परंतु १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताची मर्यादाच उरली नाही. काम चौदा-पंधरा तासांवर गेले, तेव्हा कामगार प्रक्षुब्ध झाले. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांस १२ तासांची, तर १९४८ च्या कायद्याने कारखान्यांतील प्रौढ कामगारांस दिवसास ९ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घालून दिली. कामगारास त्याची रात्र परत मिळाली.

भोंगा जेथे ऐकू येत नाही, तेथे मात्र ती मिळाली नाही. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेल्या गोंदिया जिल्ह्यात विडीचा धंदा जुना. टेंभुर्णीची पाने व तंबाखू घरी आणून स्त्रिया विड्या वळतात. मजुरी हजारामागे ठरलेली. १९६६ च्या विडीकामगार कायद्याने कारखान्याच्या जागेतील कामास ९ तासांची मर्यादा घातली. घरच्या सुपापुढे बसलेल्या बाईचा हजार जेव्हा पुरा होईल, तेव्हाच तिचा दिवस मावळतो.

नवल हे की, तेथील भातगिरणीचा अथवा विडीधंद्याचा मालकही याच स्थितीत असतो. त्याच्या तासांस कोणताच कायदा नाही. हप्ता, भाव आणि उधारी यांचा हिशेब अंथरुणातही चालू राहतो. चिंतेने झोप उडते आणि उडालेली झोप चिंता व विषाद वाढविते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्यास ५५ अथवा अधिक तास राबणारांस पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणारांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक आढळला. शिवाय जागरणाने प्रथम क्षीण होतो तो विवेक, आणि व्यापाऱ्याचे खरे भांडवल तर तेच.

कामगारांस आपल्या रात्रीसाठी मालकांशी व सरकारशी झगडावे लागले. उद्योजकास ती मागणी स्वतःपाशीच करावयाची आहे, आणि ती मान्य करणेही त्याच्याच हाती आहे.