चावीविना चाक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्यापुढे आजचा अर्धा विषय सांगून झाला आहे. लोहार लोखंडी कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. गोवऱ्यांच्या जाळात ते लाल झाले की फुलते. मग चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर टाकायचे आणि वर पाणी ओतायचे. कडे आक्रसते, आरे करकरतात, आणि धाव चाकाला घट्ट आवळून बसते. तिला धरून ठेवतो तो खिळा नव्हे, ताण.

कारखान्यातला प्रश्न हाच, फक्त उलट्या बाजूने. फिरणाऱ्या शाफ्टवर चाक किंवा पुली अशी बसवायची की ती जागची सरकू नये. यावरची जुनी रीत म्हणजे चावी. शाफ्टला एक लांबट खाच पाडायची, चाकाच्या भोकात तशीच दुसरी, आणि दोन्हींत मिळून पोलादाचा चौकोनी तुकडा ठोकायचा. ही रीत स्वस्त आहे, खोलायला सोपी आहे, आणि पिठाच्या गिरणीपासून उसाच्या चरकापर्यंत तिने इमानाने काम केले आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. दुखणे आहे ते खाचेच्या कोपऱ्यात.

हे दुखणे माणसाला कळले ते रेल्वेमुळे, आणि फार मोठी किंमत मोजून. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे इंजिन आणि डबे त्यावर चढले आणि आग लागली. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून अधिक माणसे गेली. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्विल पत्नी आणि मुलासह त्यांत होता.

धक्के खाऊन खाऊन लोखंडाचा पोतच बदलतो आणि ते ठिसूळ होते, अशी तेव्हाची समजूत होती. तेवीस वर्षांच्या विल्यम रँकिनने 1843 मध्ये मोडलेल्या आसांचा अभ्यास मांडला. चीर सुरू होते ती आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या तीक्ष्ण कोपऱ्यात, आणि तिथून हळूहळू आत सरकते, असे त्याने दाखवले. कोपरा गोलसर करा, हा त्याचा सल्ला. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलरने 1870 पर्यंत आस लाखो फेरे फिरवून तो शास्त्राच्या पायावर उभा केला. चावीची खाच म्हणजे मुद्दाम कोरलेला तीक्ष्ण कोपराच. तिच्यामुळे शाफ्टची थकवा सोसण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

मग खाचच नको! पण चाक किती आवळायचे? याचा हिशेब करण्याचे गणित गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने जाड नळ्यांवरच्या दाबासाठी 1830 च्या दशकातच करून ठेवले होते. एक उदाहरण पाहू. शाफ्ट 100 मिलिमीटर जाड, चाकाचा तुंबा तेवढाच लांब आणि बाहेरून 200 मिलिमीटर. तुंब्याचे भोक शाफ्टपेक्षा 0.064 मिलिमीटरने, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीने लहान ठेवले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 500 किलोंचा दाब बसतो. सगळ्या पृष्ठभागाचा मिळून तो 157 टन होतो. घर्षण त्याच्या आठव्या हिश्श्याइतके धरले तरी 19 टनांचा जोर लावल्याशिवाय चाक घसरणार नाही. केसाएवढ्या फरकात 19 टन! तुंबा शंभर अंशांनी तापवला की 0.12 मिलिमीटर फुलतो आणि अलगद शाफ्टवर उतरतो. लोहाराची धाव, दुसरे काय.

मात्र ही सोय कडक शिस्त मागते. भोक 0.02 मिलिमीटरने मोठे झाले तर जवळजवळ एक तृतीयांश पकड गेली. लहान झाले तर तुंब्याच्या आतल्या कडेवरचा ताण वाढतो, आणि बीड असेल तर तो तडकतो. चावीच्या जमान्यातला कारागीर कानशीने भागवून नेई. इथे मायक्रोमीटरला पर्याय नाही.

रेल्वेची चाकेही सुरुवातीला चाव्या ठोकून बसवत. पुढे ती पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसने आसावर नुसती रेटून बसवू लागले. आपल्याकडे बंगळूरजवळच्या येलहंका कारखान्यात चाके आणि आस तयार होऊन अशीच जोडली जातात. रेटताना जोराचा आलेख काढतात आणि त्यावरून पकड पारखतात. चाक बसल्यावर आतले काही दिसत नाही, म्हणून हा कागद मोलाचा.

न दिसणे हाच या जोडणीचा धोका. भार येऊन आस वाकतो तेव्हा तुंब्याच्या कडेखाली सूक्ष्म घासणी होते आणि तिथे चीर धरते. अमेरिकेत 1930 च्या दशकात ऑस्कर हॉर्गरने आसाची ती जागा रुळांखाली दाबून टणक करण्याचा उपाय तपासला आणि तो उपयोगी ठरला. आज आसातून ध्वनिलहरी सोडून आतली चीर शोधतात.

उरला प्रश्न चाक काढण्याचा. 1940 च्या दशकात स्वीडनमध्ये एर्लंड ब्राट या अभियंत्याने जोडणीच्या आत प्रचंड दाबाने तेल सोडले. तेलाचा पापुद्रा तुंब्याला उचलून धरतो, आणि ओरखडाही न पडता चाक निघते. जहाजांचे पंखे असे चावीविना बसू लागले, आणि तिथे समुद्राचे तापमानही हिशेबात आले. कांशाचा पंखा पोलादी शाफ्टपेक्षा जास्त फुलतो, त्यामुळे उबदार पाण्यात पकड सैल होते आणि गारठ्यात पंख्यावरचा ताण वाढतो. म्हणून जहाजांच्या नियमांनुसार पंखा घसरणार नाही याची तपासणी 35 अंशांना करतात, घसरण्याविरुद्ध 2.8 पट सुरक्षा ठेवून. तो फाटणार नाही याची तपासणी होते शून्य अंशाला.