धूळ आणि समुद्राची हिरवळ

नागपूरकरांना धूळ काही नवी नाही. वैशाखात वावटळ उठली की अंगणातले वाळवण आत घेताना कोण धांदल! अरबस्तानच्या वाळवंटातली अशीच धूळ वाऱ्यावर अरबी समुद्र गाठते. तिच्यात लोह असते आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांना वाढीसाठी लोह लागते. या प्लवकांवरच शेवटी मासळी पोसते. मग ही धूळ म्हणजे दर्याचे खतच की काय?

एवढ्या समुद्राची पाहणी होडीतून कशी व्हायची? १९७८ साली अमेरिकेच्या 'निंबस-७' उपग्रहाने सागराचा रंग मोजणारे पहिले यंत्र वर नेले. प्लवके वाढली, की निळे पाणी हिरवट होते. २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून आपला 'ओशनसॅट-१' गेला. ७२० किलोमीटरांवरून तो प्रकाशाचे ८ पट्टे टिपी.

पण गंमत अशी, की वर पोचणारा बहुतेक प्रकाश हवेनेच विखुरलेला असतो. म्हणून ८ पैकी २ पट्टे अवरक्त ठेवले. त्यांत समुद्र जवळजवळ काळा दिसतो. उजळ दिसेल ते हवेचे नि धुळीचे. तेवढे वजा करायचे.

तथापि धूळ दाट असली, की हाही हिशेब चुकतो. धूळच हिरवळ भासू लागते. शिवाय पावसाळी वारा खालचे सकस पाणीही वर आणतो. मग श्रेय कोणाला द्यावे? त्यासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांची माणसे जहाजावरून पाणी काढून तपासतात. आकाशातल्या डोळ्यालाही घागरभर पाण्याची साक्ष लागते, ती अशी!