पुढच्यास ठेच लागते, मग मागचा शहाणा का होत नाही?

आज आपण बोलणार आहोत मोबाइलवरच्या नाण्यांच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल. क्रिप्टो, बिटकॉइन, टोकन हे शब्द आता गावागावांत पोचलेत. कुणाचा भाचा, कुणाची नणंद, कुणाच्या मुलाचा मित्र सांगतो, "दहा हजार टाका, दर महिन्याला हजार रुपये घ्या." सांगणारं माणूस ओळखीचं असतं, म्हणून नाही म्हणणं जड जातं. पण हा डाव काही मोबाइलबरोबर आलेला नाही. दीडशे वर्षांपूर्वीही तो खेळला जात होता, आणि तेव्हाही त्यात बायकांच्याच ठेवी गेल्या होत्या. ती हकिकत आधी ऐकू या.

अमेरिकेत बॉस्टन नावाचं शहर आहे. तिथे १८७९ साली सारा हाऊ नावाच्या बाईने 'लेडीज डिपॉझिट कंपनी' काढली. तिथे ठेव घेत ती फक्त बायकांची, आणि त्यातही एकट्या राहणाऱ्या, पाठीशी कुणी नसलेल्या बायकांची. व्याज दरमहा शंभराला आठ. पहिल्या तीन महिन्यांचं व्याज तर ठेव ठेवतानाच हातावर. जाहिरातीची गरजच पडली नाही, एकीने दुसरीला सांगितलं. एवढं व्याज परवडतं कसं, असं कुणी विचारलं तर गरीब बायकांच्या भल्यासाठी एका धर्मादाय निधीचा आधार आहे असं भासवलं जाई. तसा निधी कुठेच नव्हता. आज आलेल्या बाईचे पैसे कालच्या बाईला व्याज म्हणून दिले जात होते. १८८० साली तिथल्या एका वर्तमानपत्राने हे उघड केलं, कंपनी बुडाली आणि सारा हाऊ तुरुंगात गेली. पण पुढचं ऐका. सुटून आल्यावर तिने पुन्हा तसंच दुकान मांडलं आणि पुन्हा तिच्याकडे ठेवी आल्या.

त्याच बॉस्टन शहरात चाळीस वर्षांनी, १९२० साली, चार्ल्स पॉन्झी नावाचा माणूस उभा राहिला. तो सांगे, ४५ दिवसांत शंभराचे दीडशे देतो. कशातून? तर टपालाच्या कूपनातून. परदेशी पत्र पाठवताना उत्तरासाठी एक कूपन सोबत जोडता येत असे. ते एका देशात स्वस्तात घ्यायचं आणि दुसऱ्या देशात महाग तिकिटांवर बदलायचं, असा त्याचा दावा होता. लोकांनी रांगा लावल्या. मग एका वर्तमानपत्राने साधा हिशेब मांडला. पॉन्झीने जेवढा पैसा घेतलाय, त्यासाठी सुमारे १६ कोटी कूपनं लागतील. प्रत्यक्षात जगात फिरत होती जेमतेम २७ हजार. पॉन्झी पकडला गेला आणि अशा सगळ्या योजनांना त्याचं नाव चिकटलं. नव्याच्या पैशातून जुन्याला देणं म्हणजे 'पॉन्झी योजना'.

आपल्या देशातही हे नवं नाही. बक्षिसाच्या चिट फंडांवर आणि साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ सालीच झाला. महाराष्ट्राने ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ साली वेगळा कायदा केला. तरी पुढे पीएसीएल कंपनीने शेतजमिनीच्या नावावर देशभरातल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांकडून सुमारे ४९ हजार कोटी रुपये गोळा केले. २०१४ साली सेबीने तिला पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्यात बहुतेक लहान ठेवीदार, हप्त्याहप्त्याने पैसे भरणारे. बॉस्टनमध्ये धर्मादाय निधी होता, मग टपालाचं कूपन आलं, आपल्याकडे जमीन आली. आता नाणं आलंय.

हे नाणं आहे तरी काय? बिटकॉइन २००९ साली सुरू झालं. आपल्या गटाची हिशेबाची वही असते ना, तशी एक वही समजा. फक्त ती एकीकडे न राहता जगभरातल्या हजारो संगणकांवर तिची नक्कल असते. कुणी कुणाला किती नाणी दिली ते त्या वहीत लिहिलं जातं आणि एकट्यादुकट्याला ते खोडता येत नाही. या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. नोंदी लिहिण्यासाठी आपले संगणक राबवणाऱ्यांना बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात, त्याला म्हणतात मायनिंग.

म्हणजे बिटकॉइन ही खोटी गोष्ट नाही. पण त्याच्या किमतीला कुणाचीही हमी नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरवर गेला होता. वर्षभरात तो १७ हजारांच्याही खाली आला. खऱ्या नाण्याची ही गत. ज्याचा भाव असा वरखाली होतो, त्यावर कुणी 'दरमहा ठरलेली रक्कम' कशी देईल? इथेच खोटेपणा पकडता येतो.

आता या नाण्यांच्या नावाने काय काय झालं ते पाहू. २०१४ साली बल्गेरिया देशातल्या रुजा इग्नातोवा या बाईने 'वनकॉइन' आणलं. मोठमोठ्या सभागृहांत कार्यक्रम झाले, लंडनमध्ये हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. युगांडातल्या शेतकऱ्यांपर्यंत ते पोचलं. आपल्याकडेही आलं. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत वनकॉइनची सभा चालू असताना पोलिसांनी लोकांना अटक केली. या नाण्याला खरी वहीच नव्हती. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा भाव कंपनी स्वतःच ठरवायची आणि तो दर वेळी वरच जायचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये रुजाबाई विमानात बसून गेली ती पुन्हा दिसली नाही. लोकांचे ४०० कोटी डॉलरहून अधिक पैसे गेले. अमेरिकेच्या पोलिसांनी २०२२ साली तिचं नाव सर्वांत जास्त हव्या असलेल्या दहा गुन्हेगारांच्या यादीत घातलं.

आपल्या महाराष्ट्राला सर्वांत जास्त चटका बसला तो 'गेनबिटकॉइन'चा. तुमचे बिटकॉइन आम्हाला द्या, आम्ही मायनिंग करून दरमहा १० टक्के असे १८ महिने देऊ, अशी ती योजना होती. पुणे आणि नांदेडसह ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले. योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. तपास यंत्रणांचं म्हणणं असं, की पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी कंपनीचं स्वतःचं 'एमकॅप' नावाचं टोकन देण्यात आलं, ज्याला फारशी किंमत नव्हती. भारद्वाज २०२२ साली वारला. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं आणि २०२५ मध्येही छापे पडतच होते. पैसे टाकायला दहा मिनिटं लागतात, परत मिळवण्याच्या वाटेत अशी वर्षं जातात.

मग एवढं सगळं होऊनही लोक पुन्हा का अडकतात? त्यांना लोभी किंवा अडाणी म्हणणं सोपं आहे. पण शिक्षक, इंजिनियर, डॉक्टरही यात फसलेत. कारणं दुसरी आहेत.

पहिलं कारण, सुरुवातीला पैसे खरंच येतात. दहा हजार टाकले आणि दरमहा हजार आले, तर बाईला वाटतं नफा सुरू झाला. पण पहिले दहा महिने तिला मिळतं ते तिचंच मुद्दल आहे. कंपनीने एक रुपयाही कमावला नसला तरी दहा महिने ती तुमच्याच पैशातून तुम्हाला हप्ता देऊ शकते. तेवढ्यात तुमचा विश्वास बसतो आणि तुम्ही बहिणीला सांगता.

दुसरं कारण तेच, की हे नात्यातून पसरतं. एका बाईने पाच जणी आणायच्या, त्या पाचांनी प्रत्येकी पाच. मोजा बरं. पाच, पंचवीस, सव्वाशे, सव्वासहाशे आणि पाचव्या पायरीला तीन हजार सव्वाशे. दोन हजार वस्तीच्या गावात तेवढी माणसंच नाहीत. साखळी तुटणारच, आणि तुटते तेव्हा सर्वांत जास्त बायका शेवटच्या पायरीवर असतात, ज्यांना काहीच परत मिळालेलं नसतं.

तिसरं कारण, या नाण्यांचे पैसे एकदा गेले की मागे ओढून आणता येत नाहीत. बँकेची शाखा असते, साहेब असतो, तक्रार करता येते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. इथे तसलं काही नाही, आणि चालवणारा बहुधा परदेशात बसलेला असतो.

चौथं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. आपण म्हणतो, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण पुढचीने ठेच लागल्याचं सांगितलंच नाही तर मागचीला कळणार कसं? जिचे पैसे बुडतात ती गप्प बसते. नवरा रागावेल, सासू बोलेल, ज्यांना आपण सांगितलं त्या तोंडावर थुंकतील, ही भीती असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मूठ झाकलेलीच राहते. फसवणाऱ्याला हेच हवं असतं. एका गावातली गोष्ट दुसऱ्या गावात पोचत नाही, आणि तो नवं नाव घेऊन तिथे जातो. म्हणून फसलेल्या बाईला दोष देणं म्हणजे पुढच्या फसवणुकीला वाट करून देणं आहे.

आता यातून वाचायचं कसं? तुम्ही बचत गट चालवता, तेव्हा याची निम्मी शिकवण तुमच्याकडे आधीच आहे. गटात पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात. कोणी किती घेतले, कशासाठी घेतले, ते वहीत लिहिलं जातं. व्याज कुठून येतं ते प्रत्येकीला माहीत असतं, कारण कर्ज घेतलेली बाई समोरच बसलेली असते. कुणीही योजना घेऊन आलं, तर तिला हीच फूटपट्टी लावा.

विचारा, हे पैसे कमावतं कोण आणि कशातून? उत्तर एका वाक्यात समजलं नाही, तर ती चूक तुमची नाही. विचारा, माणसं आणली की कमिशन आहे का? असेल, तर पैसा माणसांतूनच येतोय. विचारा, माझं सगळं मुद्दल आज परत काढता येईल का? पाचशे रुपये निघाले म्हणजे पन्नास हजारही निघतील असं नाही, ते पाचशे आमिष असतं. आणि विचारा, हे सगळं गटाच्या बैठकीत सर्वांसमोर सांगशील का? 'आज रात्रीपर्यंतच संधी आहे, कुणाला सांगू नका' असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कुणी म्हणेल, सरकार यावर कर घेतं, म्हणजे हे सरकारमान्य आहे. २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, हे खरं. नाणी विकत घेणं गुन्हाही नाही. पण कर लागतो म्हणजे सरकारने हमी दिली असं होत नाही. कुणाला हा व्यवहार समजून उमजून करायचाच असेल, तर बुडाले तरी घर चालेल एवढेच पैसे, स्वतःच्या नावाच्या खात्यातून, स्वतः करून. दुसऱ्याने पाठवलेल्या लिंकवरून ॲप घेऊ नका, आपला मोबाइल त्याच्या हाती देऊ नका, ओटीपी सांगू नका. गटाचं अंतर्गत कर्ज, मुलीच्या शिक्षणाचे पैसे, मोडलेला दागिना यातलं काहीही तिकडे जाऊ नये. गटाने तसा ठरावच लिहून ठेवावा.

आणि पैसे आधीच गेले असतील तर? आणखी भरू नका. 'तुमचे पाच लाख जमा आहेत, आधी कराचे वीस हजार भरा' असा निरोप येतो, तो दुसरा सापळा असतो. 'बुडालेले पैसे काढून देतो' म्हणणारा माणूस हा तिसरा. मोबाइलवरचे निरोप, नंबर, पावत्या काही पुसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि पोलिस ठाण्यात तक्रार द्या. पहिल्या काही तासांत कळवलं, तर बँकेतच पैसे अडवता येण्याची शक्यता असते. तुम्ही कमिशन घेऊन इतर बायकांना जोडलं असेल, तर आजच थांबा. १९७८ च्या कायद्याखाली साखळीत माणसं जोडणाऱ्यावरही गुन्हा लागू शकतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाकडे अशी योजना आली होती, कुणाचे पैसे गेले, ते बोलू द्या. बोलणारीला कुणी हसू नका, मध्येच टोकू नका. तिने सांगितलेलं योजनेचं नाव आणि ती कशी आली हे वहीत लिहा आणि शेजारच्या गावातल्या गटालाही कळवा.