मंजुरी देणारा अधिकारी नोकरी सोडून गेल्यावर : नियंत्रित दस्तऐवजांवरील नावांचे काय करावे?

कारखान्यातील गुणवत्ता विभागाचे प्रमुख राजीनामा देऊन जातात. त्यांच्या जागी नवे अधिकारी रुजू होतात आणि पंधरवड्यातच ध्यानात येते, की कार्यपद्धती, कार्यसूचना, तपासणी आराखडे अशा दोनशेच्या आसपास दस्तऐवजांवर ‘मंजूर केले’ या रकान्यात जुन्या साहेबांचेच नाव आहे. ऑडिट महिन्यावर आलेले असते. मग एकेक फाइल उघडून नाव बदलण्याची मोहीम सुरू होते. औद्योगिक वसाहतींत वावरणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. ही मोहीम बहुधा अनावश्यक असते आणि पुष्कळदा घातकही ठरते.

दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर ‘तयार केले’, ‘तपासले’ आणि ‘मंजूर केले’ असे तीन रकाने असतात. त्यांतील नाव ही एका घडून गेलेल्या गोष्टीची नोंद असते. अमुक तारखेस, त्या वेळी अधिकार असलेल्या अमुक व्यक्तीने हा मजकूर वाचून त्याला संमती दिली, एवढेच ती नोंद सांगते. ती व्यक्ती पुढे निवृत्त झाली, बदलून गेली वा दिवंगत झाली, तरी त्या दिवशीची संमती रद्द होत नाही. रघुराम राजन २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदावरून पायउतार झाले. म्हणून त्यांच्या सहीची शंभराची नोट कोणी परत करीत नाही. फेरफार नोंदवहीत मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली नोंद त्याची बदली झाल्यावर नव्या अधिकाऱ्याच्या नावे कोणी पुन्हा लिहीत नाही. कंपनीच्या दस्तऐवजांनाच वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

आयएसओ ९००१ हे मानक याबाबत काय म्हणते? २०१५ च्या आवृत्तीतील कलम ७.५.२ मध्ये दस्तऐवज तयार करताना वा अद्ययावत करताना तो योग्य व पुरेसा आहे याचा आढावा आणि मंजुरी असावी, असे अभिप्रेत आहे. मंजुरी देणारा आजही सेवेत असावा, अशी अट त्यात नाही. त्याच आवृत्तीत ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’, म्हणजे कारखान्यातील ‘एमआर’, हे पद सक्तीचे राहिले नाही. अनेक कंपन्यांनी पद काढले. परंतु त्या पदनामाने पूर्वी मंजूर केलेले दस्तऐवज त्यामुळे बाद झाले नाहीत. जाणता ऑडिटर विचारतो ते निराळेच : मंजुरीच्या दिवशी त्या व्यक्तीस अधिकार होता काय, त्यानंतर ठरल्या मुदतीत आढावा झाला काय, आणि प्रत्यक्ष काम कागदाप्रमाणे चालते काय?

खरा धोका आहे तो नाव बदलून तारीख तीच ठेवण्यात. जूनमध्ये रुजू झालेल्या अधिकाऱ्याने फेब्रुवारीत मंजुरी दिल्याचे कागद सांगू लागतो. हेतू कितीही निर्मळ असो, तो खोटा दस्तऐवज होय. औषध कंपन्यांत याचे परिणाम अधिक गंभीर असतात. औषध नियमावलीच्या अनुसूची ‘एम’नुसार दस्तऐवजांवर अधिकृत व्यक्तीची मंजुरी, सही व तारीख लागते, नोंदीत दुरुस्ती केली तरी मूळ मजकूर वाचता आला पाहिजे. अमेरिकेला माल पाठविणाऱ्यांना तेथील १९९७ च्या ‘पार्ट ११’ नियमांचेही बंधन असते. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक सही एकाच व्यक्तीची असते. ती दुसऱ्या कोणास वापरता येत नाही वा सोपविता येत नाही.

संगणकीय प्रणालीत तर ही चूक नकळत घडते. काही ठिकाणी ‘क्यूए मॅनेजर’ या पदनामाने एकच लॉगिन असते. माणूस बदलला, की त्याच खात्यातील नाव बदलले जाते, आणि ज्या प्रणालीत मंजुरीची नोंद खात्याशी जोडलेली असते तेथे मागील पाच वर्षांच्या सर्व मंजुऱ्या एका क्षणात नव्या माणसाच्या नावे दिसू लागतात. कोणी खाते समूळ पुसून टाकतो आणि रकाना रिकामा उरतो. म्हणून जाणाऱ्याचे खाते शेवटच्या दिवशी निष्क्रिय करावे, पुसू नये. येणाऱ्यास स्वतःच्या नावाचे नवे खाते द्यावे. जुन्या खात्याकडे मंजुरीसाठी अडकून पडलेले मसुदे त्याच दिवशी दुसऱ्याकडे वळवावेत. हे काम हटकून विसरले जाते. कंपनीच्या नावाने घेतलेले डिजिटल सही प्रमाणपत्रही रद्द करून घ्यावे.

नावे बदलावी लागतात ती अन्यत्र. दस्तऐवजाच्या मजकुरात ‘बिघाड झाल्यास अमुक साहेबांना कळवावे’ असे असेल, तर ते नाव आजच्या कामाशी निगडित आहे आणि माणूस गेल्यावर ती सूचनाच लुळी पडते. आपत्कालीन दूरध्वनी यादी, जबाबदारीचा तक्ता, वितरण यादी यांचीही तीच गत. मजकुरात पदनाम आणि मंजुरीच्या रकान्यात नाव, हा संकेत पाळला तर निम्मे काम वाचते. कोरे नमुनेही तपासावेत. नमुन्यात जुने नाव छापलेले राहिले, की पुढची सुधारित आवृत्ती निघून गेलेल्या माणसाच्या नावावर प्रसिद्ध होते. पुढे ग्राहकाची तक्रार वा अपघात झाला, तर त्याने कधी न घेतलेल्या निर्णयाचा जाब त्याला विचारला जाण्याचा संभव असतो.

नव्या अधिकाऱ्याने जुने दस्तऐवज वाचावेत, हे मात्र रास्तच. वाचून बदल नको असे वाटल्यास आढाव्याच्या नोंदीत ‘आढावा घेतला, बदल नाही’ असे लिहून स्वतःची सही व त्या दिवसाची तारीख घालावी; आवृत्ती क्रमांक तोच राहतो. बदल हवा असल्यास नवी आवृत्ती काढून रीतसर नवी मंजुरी द्यावी. सुरक्षिततेशी व ग्राहकाच्या खास अटींशी निगडित दस्तऐवज आधी घ्यावेत, बाकीचे नेहमीच्या आढाव्याच्या वेळापत्रकाने. गेलेल्या अधिकाऱ्याला मुळात अधिकारच नव्हता किंवा त्याने न वाचता सह्या केल्या, असे आढळल्यास मात्र वेळापत्रकाची वाट न पाहता ते सर्व दस्तऐवज पुन्हा तपासून मंजूर करून घ्यावेत.

या साऱ्याला एक साधी नोंदवही पुरते : मंजुरीचा अधिकार असलेल्यांची नावे, पद, सहीचा नमुना, अधिकार कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या तारखेपर्यंत. शेवटचा रकाना राजीनाम्याच्या ‘नो ड्यूज’ फॉर्मशी जोडून द्यावा. दहा वर्षांपूर्वीच्या कागदावरील सही कोणाची, हे विचारले गेल्यास त्या वेळचा एकही माणूस हजर नसताना उत्तर याच वहीत सापडते.