निनावी कुत्र्याचे व्यक्तिचित्र

आपल्या परंपरेत कुत्रे जागोजागी भेटते, पण बहुधा दुसऱ्या कशाचे तरी रूप म्हणून. युधिष्ठिरामागून स्वर्गाच्या दारापर्यंत चालत आलेले कुत्रे अखेर धर्म ठरते. दत्ताच्या पायांशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असे सांगतात. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ते त्यात त्यांना विठ्ठल दिसला म्हणून. पोळी पळवणाऱ्या त्या कुत्र्याचा रंग कोणता होता, एखादा कान दुमडलेला होता काय, असे प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारीत नाही आणि विद्यार्थीही विचारीत नाहीत.

हे प्रश्न अगदी वेगळ्या निमित्ताने दुसऱ्याच लोकांनी विचारले. निवाऱ्यात आणून ठेवलेल्या बेवारस कुत्र्यांना कोणीतरी घरी न्यावे, म्हणून विनामोबदला त्यांची छायाचित्रे काढणारी ही मंडळी. त्यांचा इतिहास जेमतेम दोन-तीन दशकांचा आहे. त्याची पूर्वपीठिका मात्र जुनी आहे.

मेरी टील्बी या बाईंनी १८६० साली लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक आश्रयस्थान काढले. पुढे १८७१ मध्ये ते बॅटर्सी येथे हलले आणि आजही चालू आहे. आरंभी वृत्तपत्रांनी या उद्योगाची टिंगल केली. मग १८६२ मध्ये डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात एक लेख आला. इस्लिंग्टन येथील बक्षीसपात्र कुत्र्यांचे प्रदर्शन आणि हॉलोवेतील उपाशी कुत्री यांना त्यात शेजारी-शेजारी ठेवले होते. म्हणजे बेवारस कुत्र्याची वकिली आधी गद्याने केली. कॅमेरा तेव्हा होता, पण तो धन्याच्या कुत्र्यासाठी. श्रीमंतांची शिकारी आणि मांडीवरची कुत्री छायाचित्रांत दिमाखाने बसलेली आढळतात. ज्याला मालक नाही, त्याचे चित्र काढायला पैसे कोण देणार?

अमेरिकेत १९९६ साली ‘पेटफाइंडर’ सुरू झाले आणि निवाऱ्यातील प्राणी घरबसल्या पाहता येऊ लागले. पण सुरुवातीची पुष्कळशी चित्रे नोंदवहीसाठी घ्यावीत तशी होती. ओली सिमेंटची जमीन, पुढे गज, फ्लॅशमुळे चमकणारे डोळे, शेपटी पोटाशी. अशा चित्रांनी कीव येते, यात शंका नाही. परंतु कीव आलेला माणूस देणगी देतो आणि पान उलटतो. दहा-बारा वर्षे घरात वावरणारा सोबती निवडताना त्याला दुसरे काही दिसावे लागते. ऱ्होड आयलंडमधील ट्रेअर स्कॉट यांनी निवाऱ्यात स्वयंसेवा करता करता काढलेली चित्रे २००६ मध्ये ‘शेल्टर डॉग्ज’ या पुस्तकात आली. त्यांत प्रत्येक कुत्रे स्वतंत्र माणसासारखे समोर बसलेले आहे.

या कामातली कारागिरी साधीच आहे, आणि आम्हांला तीच अधिक बोलकी वाटते. छायाचित्रकार गुडघ्यांवर येतो, वेळप्रसंगी जमिनीवर पालथा पडतो, कारण उभ्याने घेतलेल्या चित्रात कुत्रे खालून वर, याचकासारखे पाहते. ते पिंजऱ्यातून आल्या आल्या कॅमेरा रोखायचा नसतो. आधी त्याला हुंगू द्यायचे, फिरू द्यायचे. खिशात खाऊ आणि चूं-चूं वाजणारे खेळणे असते. आवाज झाला की कान उभे राहतात, मान कलते, आणि तेवढ्या क्षणापुरता त्याचा स्वभाव चेहऱ्यावर येतो. काळे कुत्रे ही खास परीक्षा. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन सरासरी करड्या रंगाच्या हिशेबाने चालते. पाठीमागे उजेड असला की काळ्या कुत्र्याचा नुसता डाग उरतो आणि डोळे दिसेनासे होतात. म्हणून त्याला उघड्यावरच्या सावलीत आणतात. अमेरिकेतील एका अभ्यासात (२०१५) सरळ कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या आणि बाहेर मोकळ्यावर टिपलेल्या कुत्र्यांना घर लवकर मिळाल्याचे आढळले.

अर्थात ही जाहिरातही आहे. लंगडा पाय चौकटीबाहेर ठेवला तर घर मिळेल, पण आठवड्याभराने कुत्रे परत येईल. शिवाय एका दुपारी दहा-पंधरा कुत्र्यांचीच चित्रे होतात. गजांमागे घाबरून बसलेले, बाहेर यायला नकार देणारे कुत्रे राहून जाते. वास्तविक चित्राची निकड त्यालाच अधिक.

अशा राहून गेलेल्यांकडे तैवानच्या टू युन-फेई यांनी कॅमेरा वळवला. तैवानच्या कायद्यानुसार बारा दिवसांत कोणी न नेलेले कुत्रे मारता येई. २०१० नंतरची सुमारे दोन वर्षे टू ताओयुआन येथील निवाऱ्यात जात राहिले आणि मृत्यूच्या काही वेळ आधी कुत्र्यांची चित्रे काढत राहिले. २०१२ पर्यंत अशी सुमारे चारशे कुत्री झाली होती. धाटणी मानवी व्यक्तिचित्राचीच होती: शांत पार्श्वभूमी, ताठ बैठक. त्यांतले कोणीही घरी जाणार नव्हते. २०१३ मध्ये ‘ट्वेल्व्ह नाइट्स’ हा माहितीपट आला, २०१५ मध्ये कायदा बदलला, आणि ४ फेब्रुवारी २०१७ पासून निवाऱ्यात जागा करण्यासाठी कुत्री मारणे थांबले. एकट्या छायाचित्रांना याचे श्रेय देणे भाबडेपणाचे होईल. पण चळवळीला चेहरे लागतात, ते तिला येथून मिळाले.

आपल्याकडे प्रश्नाची जात निराळी होती. १८३२ साली मुंबईत सरकारी कुत्रेमारीविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, ते गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. २००१ च्या नियमांनीही नसबंदी करून कुत्रे त्याच्या मूळ जागी सोडण्याची रीत घालून दिली. कुत्र्याला घर नसले तरी गल्ली होती, आणि गल्लीने ठेवलेले नावही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री निवाऱ्यात हलवावीत व तेथे परत सोडू नयेत, असे सांगितले. चावे आणि रेबीज यांची भीती खरी आहे. तिची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु आवारातून उचललेले कुत्रे निवाऱ्यात पोहोचते, ते नाव मागे टाकून.

कँटीनच्या पायरीवरच्या कुत्र्याचे छायाचित्र अनेक विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये असते. त्यात ते बहुधा कडेला, अर्धे कापले गेलेले, मधोमध मित्रमंडळी. तेवढ्यावर त्याला कोणी घरी नेणार नाही. त्यासाठी कोणीतरी निवाऱ्यापर्यंत जाऊन, त्याला नावाने हाक मारून, त्याच्यासमोर जमिनीवर बसायला हवे.