फाटलेल्या तिकिटाचा हिशेब

गेल्या दिवाळीत आमचा धाकटा पुतण्या मुंबईहून आला तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी त्याने कागदांचा एक जुडगा ठेवला. तो मालिका लिहितो. आता ओटीटीसाठी आठ भागांची एक कथा त्याच्याकडून मागितली गेली आहे. "काका, तुमचा जन्म सरकारी कागदांत गेला. सही करण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घाला," एवढेच तो म्हणाला. बत्तीस पानांचा करार होता. मोबदला ठोक, तीन हप्त्यांत. त्या बदल्यात कथा, पात्रे, नावे, सर्व भाषांतील रूपांतरे, आजची माध्यमे व पुढे जी कोणती निघतील ती माध्यमे, सर्व काही कायमचे कंपनीचे. हे वाचून आम्हास विशेष नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढील एका कलमाचे : ही मालिका किती लोकांनी पाहिली याची माहिती गोपनीय राहील व ती मागण्याचा लेखकास अधिकार असणार नाही.

या कलमापाशी आम्ही थबकलो. कारण नोकरीची काही वर्षे आम्ही कोठी कचेरीत करमणूक कराच्या कामावर होतो, आणि प्रेक्षक मोजणे हेच आमचे काम होते. किती लोक आले हे कोणी मोजायचे आणि तो आकडा कोणी पाहायचा, हा प्रश्न आपल्या बडोद्यात निदान दीडशे वर्षांचा आहे.

त्यातील पहिल्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या दरबारी गवई, वादक, नर्तकी यांचे एक रीतसर खाते होते आणि त्याला कलावंत कारखाना म्हणत. 'कारखाना' या शब्दाने आजचा वाचक दचकेल, पण खासगीकडील अशा खात्यांना जुन्या काळी तोच शब्द होता. महाराणी चिमणाबाई (पहिल्या) तंजावरहून आल्या तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या नर्तकी याच व्यवस्थेत सामावल्या. मौलाबक्षांच्या देखरेखीखाली १८८६ साली गायनशाळा निघाली. पुढे फैयाझ खाँसाहेब आले आणि १९५० साली याच शहरात त्यांनी देह ठेवला. या सर्वांना वेतन होते, हजेरी होती, रजेचे नियम होते आणि दंडही होता. प्रेक्षक म्हणाल तर एकच, आणि पगारपत्रकावर मंजुरीही त्याचीच.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दरबाराच्या या आठवणी भक्तिभावाने सांगितल्या जातात आणि आमचाही त्याला आक्षेप नाही. तथापि वेतन देणारा एकच असला की त्याची मर्जी हाच हिशेब होतो, हेही ध्यानात घ्यावे. अब्दुल करीम खाँ येथील दरबारी गवई होते. राजघराण्याशी आप्तसंबंध असलेल्या माने घराण्यातील ताराबाईंसह त्यांनी बडोदे सोडले तेव्हा आश्रयही सुटला. त्यांची कन्या हिराबाई १९०५ साली मिरजेस जन्मली. पण नाव तिने लावले ते बडोदेकर, आणि गायिली ती तिकीट लावून. नाटक कंपनी काढली, ती कर्जात गेली, आणि मैफिली व चित्रपट करून ते कर्ज तिने फेडले. एका पिढीच्या अंतराने वेतनाकडून तिकिटाकडे झालेला हा प्रवास एकाच घरात दिसतो.

तिकिटाचे युग मात्र हिराबाईंच्या पुष्कळ आधीच सुरू झाले होते, आणि त्यातही बडोद्याचा वाटा आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर हे पुण्यास महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरीला होते. (सरकारी नोकराच्या हातून काही घडत नाही असे म्हणणाऱ्यांना आम्ही हे नेहमी ऐकवतो.) त्यांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. लौकरच त्यांना हवा तसा गळा सापडला तो बडोद्यात. येथील सरकारी कारकुनी करणारा भाऊराव कोल्हटकर नावाचा तरुण त्यांनी कंपनीत नेला आणि १८८२ सालच्या 'सौभद्रा'तील सुभद्रेने तो सर्व महाराष्ट्राचा 'भावड्या' झाला. दरमहाची खात्रीची नोकरी सोडून त्या दिवसांत नाटकात जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी मुलांना सांगितलेच असेल. बहुधा नाटकवाल्यांच्या नादी लागू नये म्हणूनच.

या मंडळ्यांचा कारभार आम्हास फार मनोरंजक वाटतो. कलावंत तेथे नोकर होता आणि पुष्कळदा मालकही. १८८५ साली अण्णासाहेब वारले तेव्हा कंपनी बुडाली नाही. भाऊराव, मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर या गाणाऱ्या-नटणाऱ्या माणसांनीच ती चालविली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे त्याच कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी भागीत गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोदे सरकारचा आश्रयही तिला लाभला. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले हेही बडोदे संस्थानातच जन्मलेले. रात्री खेळ सुटला की गल्ला मोजला जाई. किती खुर्च्या भरल्या आणि पिटात किती लोक बसले हे दाराशी बसणाऱ्यापासून नायिकेपर्यंत सर्वांना ठाऊक असे. पुढे गावोगाव कंत्राटदार निघाले. ते ठोक रक्कम देऊन खेळ विकत घेत, आणि तोटा झाला तर तो त्यांचा. परंतु कंत्राटदारापासूनही गर्दी लपत नसे, कारण नटाला ती रंगमंचावरून दिसे.

हिशेब समोर असला म्हणजे तो नीट राहतो असे मात्र कोणी समजू नये. बालगंधर्वांनी पडद्यांवर, शालूंवर आणि अत्तरांवर जो खर्च केला त्यापायी १९२१ च्या सुमारास मंडळीच्या डोक्यावर लाखावर कर्ज चढले होते. ते त्यांनी नाटके करूनच फेडले. आमच्या घरीही त्या काळाची एक खूण आहे. आजोबांनी एका फिरत्या नाटक कंपनीस पडदे रंगविण्यासाठी तीनशे रुपये उसने दिले होते. कंपनीचे नाव येथे सांगत नाही, कारण तीही गेली आणि आजोबाही गेले. पैसे परत आले नाहीत. आले ते 'पुढील बडोदे मुक्कामी सव्याज फेडू' असे पत्र आणि सोबत मोफत प्रवेशाची बारा तिकिटे. तो मुक्काम पुन्हा पडलाच नाही. ती तिकिटे आजही दांडिया बाजारातील वाड्यातून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत कोरी पडून आहेत.

पडदे रंगविण्याच्या याच धंद्यात बडोद्याचा आणखी एक माणूस होता आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून थोरल्या भावाबरोबर बडोद्यास आला. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली उभारलेल्या कलाभवनात तो चित्रकला शिकला आणि छायाचित्रण, ठसे करणे, छपाई यांतही मुरला. गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार, त्यामुळे कला आणि कारखानदारी यांत ते भेद करीत नसत. फाळक्यांनी गोध्र्यास फोटोचे दुकान टाकले. प्लेगने पत्नी व मूल नेले. ते पुन्हा बडोद्यास आले. येथे फोटोचा धंदा चालला नाही, कारण फोटो काढल्याने अंगातील शक्ती जाते अशी समजूत लोकांत होती. मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. पुढे १९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. वधू, म्हणजे पुढे सरस्वतीबाई, किर्लोस्कर मंडळीच्या मालकांच्या नात्यातली होती. नाटकाची बाजारपेठ त्यांनी अशी आतून पाहिली होती. फाळक्यांविषयी लिहिणारे त्यांच्या देशाभिमानावर भर देतात, त्यांच्यातला हा धंद्याचा अभ्यासू माणूस आम्हास अधिक भावतो.

कॅमेरा आणण्यासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून कुंडीतले बी रुजून वेल होईपर्यंतचे छोटे चित्र काढून दाखविले. सरस्वतीबाईंचे दागिने मोडले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. मुंबईस गर्दी झाली. मग चित्र सुरतेस गेले, तेही थिएटरमालकाशी भागीच्या बोलीवर, आणि सांगतात की पहिल्या दिवशी गल्ला भरला तीन रुपये. मालक म्हणाला, नाटक रात्रभर चालते आणि तुमचा खेळ दीड तासात आटोपतो. दर कमी करा किंवा चित्र लांबवा. फाळक्यांनी दोन्ही नाकारले आणि गुजराती जाहिरात काढली. तिचा मथितार्थ असा की तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहावयास मिळेल. दुसऱ्या दिवशी रांग लागली. व्यापारी सुरतेला मापाचीच भाषा कळणार हे त्यांनी बडोद्यातील वर्षांत ओळखले असावे.

येथे लक्षात घेण्याजोगे एवढेच की ते तीन रुपये फाळक्यांना त्याच रात्री कळले. आकडा वाईट होता, पण तो त्यांच्या हाती होता. म्हणूनच दुसऱ्या दिवशी काही करता आले.

पुढची हकीकत दुःखद आहे. १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवल इतरांचे आणि फाळके कामकरी भागीदार. खर्चावरून आणि वेळेवरून खटके उडाले, ते कंपनी सोडून काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, आणि पुन्हा त्याच कंपनीत आले. परंतु त्या कंपनीतील त्यांचा शब्द आता अखेरचा राहिला नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास ते वारले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला त्यात लक्षावधी रुपये फिरत होते आणि त्यांच्या घरात चणचण होती. बालगंधर्वांचेही तसेच. १९३५ साली ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त उतरले. अनेक चित्रांची योजना होती, पण एकाच चित्रानंतर ती सोडून ते रंगभूमीवर परतले.

आता आमच्या कचेरीविषयी. गुजरात करमणूक कर कायदा १९७७ चा. त्याखाली तिकीटपुस्तके, रोजचा डीसीआर आणि शिल्लक तिकिटांचा ताळा असे सर्व तपासावे लागे. आम्ही अचानक जाऊन उभे राहत असू. मध्यंतरात डोकी मोजायची, दाराशी फाडलेल्या अर्ध्यांशी ती जुळवायची. लबाडी होती, नाही असे नाही. एकच तिकीट दोनदा विकले जाई, आणि जादा खुर्च्या तर शनिवारी हमखास. परंतु लबाडी पकडता येई, कारण एकाच आकड्यावर सरकार, थिएटरवाला, वितरक आणि निर्माता अशा चौघांचे डोळे असत. चौघांचे हितसंबंध निरनिराळे, म्हणून आकडा बहुधा खरा निघे. १ जुलै २०१७ रोजी हा कर जीएसटीत विलीन झाला आणि ते टेबल गेले.

त्याच सुमारास ओटीटीचे युग आले. नेटफ्लिक्स व प्राइम व्हिडिओ हे दोघेही २०१६ साली भारतात सुरू झाले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा शास्त्रीय गायकावरील मराठी चित्रपट. व्हेनिसला त्याच्या पटकथेला २०२० साली पारितोषिक मिळाले आणि २०२१ च्या एप्रिलात तो नेटफ्लिक्सवर आला. आम्ही तो घरी बसून पाहिला. गवयाच्या हालअपेष्टांचे चित्र फैयाझ खाँसाहेबांच्या गावात आम्ही विनासायास पाहिले, याचे समाधानच वाटले. अशा चित्राला येथे किती दिवस थिएटर मिळाले असते हे आम्हास चांगले ठाऊक आहे. तेव्हा ओटीटीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु व्यवहार पाहिला तर हा पुन्हा दरबारच आहे. वर्गणी लाखो लोक भरतात, पण कलावंतापुढे पैसे देणारा एकच उभा असतो. तो ठोक रक्कम देतो आणि पसंती-नापसंती कळवतो. लोक किती आले ते मात्र त्यालाच ठाऊक. फरक इतकाच की दरबार गवयाला आयुष्यभर पोसत असे आणि त्याची चीज त्याच्याच गळ्यात राहत असे. येथे पोसणे तीन हप्त्यांचे आणि चीज मात्र कायमची गेलेली. अमेरिकेतील पटकथाकारांनी २०२३ साली मे ते सप्टेंबर जो संप केला त्यात हाच मुद्दा होता. अखेरीस किती तास पाहिले गेले ते आकडे, गुप्ततेच्या अटीवर का होईना, त्यांच्या संघटनेस द्यावयाचे ठरले आणि ठराविक मर्यादेपुढे पाहिल्या गेलेल्या कृतींना जादा मोबदलाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने पाहिल्या गेलेल्या तासांची यादी जाहीर करण्यास आरंभ केला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात लेखक व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा हक्क घातला आहे. चित्रपटगृहाबाहेर कृती वापरली गेली तर तो हक्क लेखकाने कोणा निर्मात्यास सोडून देऊ म्हटले तरी सोडता येत नाही. कलम चांगले आहे. पण स्वामित्वधन कशाच्या हिशेबाने मागायचे? आकडा नाही तर टक्का कशाचा?

पुतण्याला आम्ही इतकेच लिहून पाठविले की ठोक रकमेवर वाद घालू नकोस, ती बाजारभावाने ठीक दिसते. गोपनीयतेचे कलम तेवढे बदलून माग. दर सहामाही आकडा लेखी कळवावा, तो बाहेर न सांगण्याची हमी तू देशील. कंपनीचे उत्तर आले आहे की असा बदल आजवर कोणासाठी केलेला नाही. मुदत महिनाअखेरची आहे. त्याच्या बायकोचे म्हणणे सही करावी, कारण घराचा हप्ता आहे, आणि तेही खोटे नाही. काल त्याचा फोन आला. कराराविषयी बोलणे झालेच नाही. पेटीतल्या त्या बारा तिकिटांपैकी एक मुंबईस पाठवता का, असे त्याने विचारले.