बाळुत्यांचा इतिहास

राजांच्या तलवारींचा इतिहास लिहिला गेला, त्यांच्या भरजरी वस्त्रांचाही लिहिला गेला. पण जन्मास येणाऱ्या प्रत्येक मनुष्याला, मग तो राजा असो की रंक, पहिल्या दिवशी ज्या फडक्यात गुंडाळतात, त्या फडक्याचा इतिहास कोणी फारसा लिहिला नाही. मराठीत या वस्त्रांना नावे भरपूर आहेत. अंगाखाली घालावयाचे ते बाळुते, कमरेला बांधावयाचा तो लंगोट आणि अंगाभोवती लपेटावयाचे ते दुपटे. ‘डायपर’ हा आज घरोघरी रुळलेला इंग्रजी शब्दसुद्धा मूळचा कापडाचाच. चौकटीदार वा शंकरपाळ्याच्या नक्षीच्या विणीला तो लावीत, आणि पुढे त्या कापडाच्या उपयोगावरून तो तान्ह्या मुलाच्या वस्त्राला चिकटला.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीत. भाचीच्या बाळंतपणासाठी मी तेथे गेले होते. तिच्या सासूबाईंनी नातवासाठी मऊ सुती लुगड्यांची दुपटी मोठ्या हौसेने शिवून पेटीत जपून ठेविली होती. तिसऱ्या दिवशी मूल पिवळे दिसू लागले. तपासावयास आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला पाहिले, दुपटे उचलून नाकाशी नेले आणि विचारले, “आजी, ही कापडे कशात ठेवली होती?” या प्रश्नाचा अर्थ त्या वेळी आम्हां कोणासच उमगला नाही. तो समजून घ्यावयाचा तर थोडे मागे जावे लागते.

तिरुवल्लिकेणीच्या आसपासचा मुलूख हा कापडानेच घडविलेला आहे. १६३९ साली इंग्रज कंपनीने मद्रासचा किनारा निवडला, तो बंदर चांगले होते म्हणून नव्हे. तेथे धड बंदरच नव्हते. माल पडावांतून लाटांवरून न्यावा लागे. पण त्या किनाऱ्यावर सुती कापड स्वस्त मिळत होते, आणि त्यासाठी कंपनीने लाटांचा त्रास पत्करला. पुढे १७३४ च्या सुमारास तिरुवल्लिकेणीपासून जवळच, कूवम नदीच्या काठी, विणकरांसाठी चिंताद्रिपेट ही वस्ती मुद्दाम वसविण्यात आली. शहराच्या उत्तरेस वण्णारपेट्टै आहे. वण्णार म्हणजे परीट. कंपनीचे कोरे कापड धुऊन पांढरे करणाऱ्यांची ती वस्ती. विणकर, परीट आणि व्यापारी या तिघांच्या श्रमांवर हे शहर उभे राहिले.

आणि तरीही, जेथून गलबते भरभरून कोरे कापड परदेशी जात होते, त्याच गावातील आया आपल्या मुलांना कोरे कापड घालीत नव्हत्या. आजोबांचे विरलेले धोतर किंवा आजीचे लुगडे फाडून त्याची बाळुती करावयाची, हीच रीत. उरलेल्या लुगड्याची तुळईला झोळी बांधावयाची; तमिळमध्ये तिला ‘तूळि’ म्हणतात. आपल्याकडेही अनेक घरांत बारशापर्यंत मुलाच्या अंगाला नवे वस्त्र लावीत नाहीत. याला कोणी दारिद्र्य म्हणेल, कोणी दृष्ट लागण्याची भीती म्हणेल. परंतु कापडाच्या व्यवहाराकडे पाहिले म्हणजे या रीतीतील शहाणपण लक्षात येते.

मागावर चढणाऱ्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर धागा तुटतो. हातमागाची खळ बहुधा तांदळाच्या पेजेची असे. पण एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांनी त्या खळीत चिनी माती कालविण्यास आरंभ केला. त्यामुळे कापड वजनदार भासे व भाव चांगला येई. जहाजाच्या पोटात अशा कापडाला बुरशी येते म्हणून तीत जस्ताचे क्षारही घालू लागले. असे कोरे कापड मुलाखाली घातले तर ते ओल शोषीत नाही, उलट त्वचेला घासते. शिवाय कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणासारखा थर असतो, तो वारंवार धुतल्यानेच जातो. शंभरदा धुतलेले धोतर म्हणूनच चटकन पाणी पिते आणि लोण्यासारखे मऊ लागते. आजींना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांच्या हाताला कापड ठाऊक होते.

घरातील बाळंतपण रुग्णालयात गेले, तेव्हा या वस्त्राच्या इतिहासाला वळण लागले. तिरुवल्लिकेणीत एकीकडे पार्थसारथीचे प्राचीन मंदिर व त्याभोवतीची ब्राह्मणांची घरे, तर दुसरीकडे अर्काटच्या नबाबांच्या आश्रयाने वाढलेली मुसलमानांची वस्ती. या दोन्ही समाजांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत. त्यांच्यासाठी १८८५ साली मद्रासमध्ये एक स्वतंत्र रुग्णालय निघाले. ते उभारण्यात पुढाकार होता मेरी शार्लीब या बाईंचा. १८७५ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने ज्या चार स्त्रियांना प्रवेश दिला, त्यांपैकी त्या एक. पुढे लंडनची पदवी घेऊन त्या परत आल्या होत्या. हे रुग्णालय १८९० साली चेपाक-तिरुवल्लिकेणीच्या बाजूस आले. त्याच्या इमारतीसाठी वेंकटगिरीच्या राजांनी मोठी देणगी दिली. स्वातंत्र्यानंतर त्याला कस्तुरबा गांधींचे नाव मिळाले, तरी जुनी माणसे त्याला अद्याप ‘गोषा हॉस्पिटल’ म्हणतात.

दक्षिणेत बाळंतिणींची सार्वजनिक सोय ही कल्पना तशी अगदीच नवी नव्हती. तंजावरचे मराठी राजे सरफोजी यांच्या छत्रांमध्ये वाटसरूंबरोबर गर्भवती स्त्रियांचीही काळजी घेतली जात असे. पण छत्रात आलेली स्त्री आपले गाठोडे बरोबर आणी. रुग्णालयात मात्र वस्त्र सामाईक झाले. सामाईक वस्त्र म्हटले की त्यावर खूण आली, ते धुण्याचा कारखाना आला, जंतुनाशक आले आणि साठवणही आली. या प्रत्येक पायरीवर माणसाने नवा धडा घेतला, आणि तो तान्ह्या मुलांच्या जिवावर घेतला.

पहिला धडा खुणेचा. १८८६ हे वर्ष आपल्या ओळखीचे आहे. त्या वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रेनर नावाच्या डॉक्टरांनी एक चमत्कारिक हकीकत प्रसिद्ध केली. नवजात मुले एकाएकी निळी पडत होती. शोध घेता असे आढळले की, त्यांच्या लंगोटांवर संस्थेचा ताजा शिक्का मारलेला होता आणि त्या शाईत अ‍ॅनिलीन होते. ते ओल्या कापडातून कोवळ्या त्वचेत शिरले आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हरपली. शिक्का मारल्यावर कापड धुऊन, उकळून घेतले की अपाय टळतो, हे मग कळून आले.

आपल्याकडे परटाची खूण शाईची नव्हे, बिब्ब्याची. बिब्बा आपल्या बायकांच्या चांगल्या ओळखीचा; त्याचे तेल अंगावर उतते, हे त्यांना सांगावे लागत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना ते ठाऊक नव्हते. त्यांच्या मानेवर, कमरेवर, नेमका कपड्याच्या खुणेखाली पुरळ उठू लागला. १९४३ साली डॉक्टरांनी त्याचे मूळ परटाच्या बिब्ब्यात शोधून काढले. बाळाची वस्त्रे परटाकडे देऊ नयेत, घरीच धुवावीत, असे जुन्या बायका सांगत. त्याचे एक कारण सोवळे असेल. पण शिपायाच्या राठ मानेला जे सोसले नाही, ते तान्ह्या मुलाच्या कातडीला कसे सोसावे?

दुसरा धडा जंतुनाशकांचा. १९२१ साली अमेरिकेतील कुक नावाच्या डॉक्टरांनी असे मांडले की, ओल्या लंगोटात जंतूंमुळे अमोनिया तयार होतो व त्याने मुलाचे अंग सोलवटते. निष्कर्षात तथ्य होते, परंतु उपाय म्हणून कापड पाऱ्याच्या क्षारात बुचकळण्याची प्रथा पडली. या वाटेने माणूस कोठवर गेला, ते पाहावे. १९६७ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे एका बालकक्षातील मुले घामाने निथळू लागली, धापा टाकू लागली, दोन दगावली. कपडे धुताना बुरशी टाळण्यासाठी वापरलेले रसायन त्यांच्या लंगोटांत उरले होते. १९८० साली ब्यूनोस आयरिसमध्ये एका धुलाईगृहाने लंगोटांना पारायुक्त औषध लाविले, आणि हजारो मुलांच्या अंगात पारा गेला. जंतूंचे भय खोटे नव्हते. पण उकळते पाणी आणि कडक ऊन ज्या कामाला पुरेसे होते, त्यासाठी विष आणले गेले.

तिसरा धडा साठवणीचा, आणि तोच डॉक्टरीणबाईंच्या त्या प्रश्नाचा अर्थ. कसर लागू नये म्हणून पेटीत पांढऱ्या डांबरगोळ्या टाकतात. त्या नॅप्थलिनच्या असल्या तर त्यांची वाफ कापडात मुरते व मुलाच्या श्वासातून आणि त्वचेतून रक्तात जाते. बहुसंख्य मुलांना त्याने काही होत नाही. परंतु काही मुलांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची जन्मजात उणीव असते. ही उणीव १९५६ साली उलगडली, आणि १९६३ साली ग्रीसमधील डॉक्टरांनी तिचा व डांबरगोळ्यांचा संबंध नवजात मुलांत दाखवून दिला. अशा मुलाच्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. ती मेंदूपर्यंत पोहोचली तर मूल दगावते, किंवा जन्मभर पंगू होते. भारतातही ही उणीव आढळते.

आमच्या मुलाला वेळीच रुग्णालयात नेले, निळ्या प्रकाशाखाली ठेविले आणि ते वाचले. त्याच्या रक्तात तीच उणीव निघाली. सासूबाई कित्येक दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. त्यांनी निवडलेले कापड योग्यच होते. चुकले होते ते त्याची राखण करणाऱ्या चार गोळ्यांत. हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. त्या गोळ्या विकणाऱ्या दुकानदारानेही नाही.

१९६१ साली अमेरिकेत ‘पँपर्स’ हे वापरून फेकावयाचे लंगोट बाजारात आले आणि पुढच्या काळात ते आपल्या शहरांतही पोहोचले. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांचा कचरा वर्षानुवर्षे कुजत नाही, हे खरेही आहे. पण कापडाला पाणी लागते, हेही तितकेच खरे. १८७२ पासून रेड हिल्सच्या तलावाचे पाणी मद्रास शहराला मिळू लागले. त्याच चेन्नईचे जलाशय २०१९ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले होते. जी आई टँकरपुढे घागर घेऊन उभी आहे, तिला कापडाचे गुणगान ऐकविण्याचा अधिकार आपणांस नाही. कापडी लंगोटाची निवड ही पाण्याची, उन्हाची, आणि ते धुणाऱ्या हातांचीही निवड असते. ते हात बहुधा स्त्रीचेच असतात.

ज्यांना कापड निवडणे शक्य आहे, त्यांना हा इतिहास काही साध्या गोष्टी सांगतो. कापड सुती, विरलेले आणि मऊ असावे. नवे असेल तर खळ पूर्ण जाईपर्यंत ते धुवावे. त्यावर शिक्का नको, बिब्बा नको, सुगंध नको. साबणाचा अंश राहू नये म्हणून ते भरपूर खळबळावे आणि उन्हात वाळवावे. डांबरगोळ्यांच्या पेटीतील कापड, ते कितीही मायेने ठेविलेले असो, नवजात मुलाला घालू नये. एकदा धुऊन वास गेला, एवढ्यावर विसंबू नये. आणि मूल पिवळे दिसले तर कापडाची चर्चा बाजूस ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

भाचीला पुढे मुलगी झाली. त्या खेपेस सासूबाईंची पेटी रिकामी होती. सारी दुपटी तिरुवल्लिकेणीच्या त्या अरुंद गच्चीवर, समुद्राच्या वाऱ्यात, दोरीवर फडफडत होती.